हर्रासाचा आवाज आणि गॅसची कॅप्सूल

चाळीस वर्षं मी नागपूरच्या सदर भागात औषधाचं दुकान चालवलं. आमच्या नागपुरी बोलीत त्याला ‘मेडिकल’ म्हणतात आणि दुकानदाराला ‘मेडिकलवाले भाऊ’. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत, गोळ्या मात्र पक्क्या पाठ. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मला आधी त्याची गोळी आठवते, मग जमलं तर आडनाव. एकदा एका लग्नात पंगतीला बसलो असताना समोरून एक सद्गृहस्थ आले आणि मी बायकोला सहज म्हणालो, “ते बघ, थायरॉइड पन्नास आले.” मंडळी हसली. बायकोने असा चिमटा काढला की जिलबी हातातून पडली.

लोकांना वाटतं, या धंद्यात आहे काय? डॉक्टरचं वाकडंतिकडं अक्षर वाचायचं, गोळ्यांची पट्टी कातरायची, पिशवीत घालायची. पण कातरण्यातही एक शिस्त असते बरं का. पट्टीवर औषधाचं नाव आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं आणि कात्री उलट्या बाजूने चालवायची. धंद्यात पडल्यावर मी सगळ्यात आधी हे शिकलो आणि कधी चुकलो नाही. त्याचा एक परिणाम मात्र होतो. नावाचा तो शेवटचा तुकडा गिऱ्हाईक जपून ठेवतं आणि महिन्याने काउंटरवर आणून टाकतं, “भाऊ, हेच द्या.” झालं! डॉक्टरची चिठ्ठी एकीकडे राहते आणि रिकामी पट्टीच चिठ्ठी होऊन बसते. माझी अर्धी गिऱ्हाइकं अशी पट्टीवर चालायची. मी देत होतो. सगळेच देत होते, असं म्हणून मला सुटता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या दुकानात डावीकडच्या कपाटात खालचे दोन खण मेंदूच्या औषधांचे. त्या खणांतलं औषध मागणारं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. ते गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभं राहतं, उगाच टूथपेस्टचे भाव विचारतं, आणि मग हळूच चिठ्ठी सरकवतं. एक मुलगी यायची, बँकेत कामाला होती. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. नागपूरच्या उन्हात त्यात नवल काही नाही, पण ही दुकानात पंख्याखाली उभी राहूनही स्कार्फ काढायची नाही. तिच्या गोळ्या उदासीच्या होत्या. दहा दिवसांनी आली आणि म्हणाली, “काका, काहीच फरक नाही. बंद करून टाकते.”

मी तिला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं, तेच इथेही सांगतो. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये बारीक फट असते. एका पेशीला दुसरीला काही सांगायचं असेल तर ती त्या फटीत थोडंसं रसायन सोडते आणि पलीकडची ते झेलते. निरोप पोचला. असली निरोपाची रसायनं पुष्कळ आहेत. एकाचं नाव सेरोटोनिन, त्याचा मनाच्या उभारीशी, झोपेशी, भुकेशी संबंध. तुझी गोळी ते रसायन त्या फटीत जरा जास्त वेळ टिकवून धरते. पण बाई, गोळी आज घेतली आणि उद्या मन टवटवीत, असं नसतं ते. मेंदू सावकाश वळणावर येतो, तीन-चार आठवडे धीर धर. आणि बंद करायचीच असेल तर डॉक्टरला विचारून, हळूहळू.

तिसऱ्या महिन्यात एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी येऊन उभी राहिली. मी विचारलं, “काय देऊ?” तिने गोळीचं नाव घेतलं तेव्हा कुठे मी ओळखलं. स्कार्फ नव्हता ना! त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोपुढे बरीच फुशारकी मारली.

सांगायचं काय, की हे सगळं मला येत होतं. हौस होती मला. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो मुंगीच्या अक्षरांचा कागद असतो ना, तो मी भिंग लावून वाचायचो. दुसरं एक रसायन आहे, डोपामिन. हालचाल, चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला जोर, एखादी गोष्ट करायची उमेद, या सगळ्यांत त्याचा हात. ते कमी पडलं की माणूस आखडतो, हात थरथरतो, पावलं घासत चालतो. त्याला आपण कंपवात म्हणतो. उलट काही आजारांत त्याच रसायनाचा मेंदूत गोंधळ चालतो आणि नसलेले आवाज ऐकू येतात. तिथे डॉक्टर त्याला अडवायची औषधं देतात. म्हणजे एकाच कपाटातून मी एकाला डोपामिन वाढवायची गोळी देत होतो आणि दुसऱ्याला अडवायची. लोकांना हे सांगताना मला फार मजा वाटायची. मग शालिकभाऊंचं ते प्रकरण झालं.

शालिकभाऊ कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे लिलाव. संत्र्याचे ढेर लागलेले असतात, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि मधे ढेराशेजारी फळीवर उभा राहून हा माणूस बोली पुकारायचा. सगळा खेळ आवाजाचा. एकीकडे ट्रक मागे येत असतात, हमालांची ओरड चालू असते, शेजारच्या ढेरावर दुसरा कुणी पुकारत असतो, आणि त्यातून आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. शालिकभाऊंचा जायचा. बाजार आटोपला की दुपारी मोपेडवर बायकोला, कौसल्याबाईंना, मागे बसवून ते माझ्याकडे यायचे. बाईंना बीपीची गोळी असायची. यांनी दुकानात पाय ठेवून “काय म्हणता भाऊ?” केलं की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहायची. कौसल्याबाई म्हणायच्या, “हळू बोला नं जी, दुकान आहे, कळमना नाही.” मला त्या भाऊ म्हणायच्या ते नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे. दर राखीला काउंटरवरूनच माझ्या मनगटाला राखी बांधून जायच्या.

हर्रासवाल्याच्या पोटाची दशा काय सांगावी! पहाटेपासून रिकाम्या पोटी चहावर चहा, मग नऊ-दहाला तर्री-पोहे, तेही झणझणीत तर्रीचा रस्सा वरून दोनदा मागून. एकदा फार जळजळ झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या डॉक्टरने त्यांना एक कॅप्सूल लिहून दिली. पंधरा दिवस, रोज एक, उपाशीपोटी. सोळाव्या दिवशी शालिकभाऊंनी रिकामी पट्टी काउंटरवर आणून टाकली. “भाऊ, काय जबरदस्त चीज आहे गा ही! हेच द्या.”

मी दिली. पुढल्या महिन्यात दिली. त्याच्या पुढल्या महिन्यात दिली. अशी तीन वर्षं दिली.

मधल्या काळात काय काय झालं, ते मला आज एकामागून एक आठवतं. तेव्हा सुटं सुटं दिसत होतं. आधी शालिकभाऊ मोपेड सोडून ऑटोने यायला लागले. मग खिशातून पाकीट काढायला त्यांना वेळ लागायला लागला. मागचं गिऱ्हाईक चुळबुळायचं. मग चेहरा. हा माणूस बोलताना भुवया, मिशा, मान, सगळं हलवणारा. तो शांत शांत दिसायला लागला. मला वाटलं, वयाने पोक्त झाले. आणि आवाज उतरत गेला. एकदा त्यांनी काहीतरी मागितलं ते मला ऐकूच आलं नाही. मी पाजी माणूस, म्हणालो, “काय शालिकभाऊ, आवाज कळमन्यातच ठेवून आले काय?” ते हसले, पण हसू गालापर्यंत आलंच नाही. ती माझी गंमत मला आजही टोचते.

शेवटी कौसल्याबाईंनीच सांगितलं. मागे उभे असलेले व्यापारी ओरडायला लागले होते, “जोरात बोला नं गा, ऐकू नाही येऊन राहिलं!” यांची बोली कुणाला ऐकू जाईना, ढेर पडत्या भावात सुटायला लागले आणि शेतकरी कुरकुरायला लागले. अडत्या जुना माणूस, त्याने यांना काढलं नाही, खाली खुर्ची देऊन पावत्या लिहायला बसवलं. तर अक्षर इतकं बारीक व्हायला लागलं की ओळीच्या शेवटी नुसत्या ठिपक्यांची रांग. तो म्हणाला, या हंगामापुरतं पाहू, दसऱ्यानंतर आंबिया बहराची संत्री येईस्तोवर तब्येत सुधारली तर तुमची फळी तुमची, नाही तर मी दुसरा माणूस उभा करतो. शालिकभाऊ बाईंना म्हणत, “पावती लिहिणारा कोणीबी भेटते. मी फळीवरचा माणूस आहो.”

मीच म्हटलं, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. धंतोलीतल्या एका मॅडमकडे ते गेले. मॅडमनी हात हलवून पाहिले, चालायला लावलं, लिहायला लावलं आणि सांगितलं, कंपवाताची लक्षणं आहेत. डोपामिन वाढवणारी गोळी सुरू झाली, दिवसातून तीनदा.

ती चिठ्ठी घेऊन दोघं माझ्याकडे आले तेव्हा कौसल्याबाईंचे डोळे सुजले होते. मी दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि माझं सगळं ज्ञान त्यांच्यापुढे ओतलं. ही गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. दूध, वरण, अंडं यांच्यासंगं घ्यायची नाही, नाही तर पोटातून पुढे जायला तिला वाट मिळत नाही. वेळ चुकवायची नाही. घाबरू नका, पुष्कळ माणसं या गोळीवर वर्षानुवर्षं चांगली चालतात-फिरतात. बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. जाताना म्हणाल्या, “तुम्ही आहा म्हणून धीर येते भाऊ.” त्याच पिशवीत मी ती गॅसची पट्टीही घातली होती.

दोन महिने झाले, फरक पडेना. मॅडमनी गोळी वाढवली. तर शालिकभाऊंना मळमळायला लागलं, सकाळची गोळी घेतली की उलटीची भावना. त्या गोळीने सुरुवातीला तसं होतं, हे मला माहीत होतं. कौसल्याबाई विचारायला आल्या. आणि मी, मोठा हुशार, काय सांगावं? म्हणालो, “काही नाही, ती गॅसची कॅप्सूल रोज एक घेतात ना, ती आता सकाळ-संध्याकाळ घ्या.”

पंधरा-वीस दिवसांत शालिकभाऊंना घोट घ्यायला पेला दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला.

मे महिन्यातली दुपार. तीनचा सुमार. कूलरचा आवाज सोडला तर सदर सगळं चिडीचूप. अशा वेळी कौसल्याबाई डोक्यावर ओला रुमाल ठेवून एकट्याच आल्या. औषधं पिशवीत घातली तेव्हा त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. “भाऊ, ह्या दोन्ही गोळ्या मी त्याहिले सकाळी संगच देतो. गॅसची आधी देऊ का कंपवाताची आधी देऊ?”

मी सवयीने म्हणालो, “गॅसची आधी.” मग वाटलं, मधे किती वेळ ठेवायचा ते नीट पाहून सांगावं. त्यांना थांबायला सांगून मी गॅसच्या खोक्यातला कागद काढला. एवढी मेंदूची औषधं वाचली, पण गॅसच्या कॅप्सूलचा कागद मी कधी उघडला नव्हता. गॅसची गोळी काय वाचायची! टेबलावर तो कागद पसरला आणि भिंग लावलं.

कॅप्सूलमध्ये औषधं दोन. एक ॲसिड कमी करणारं, ते निरुपद्रवी म्हणा. दुसरं लेवोसल्पिराइड, पोटातलं अन्न पुढे ढकलणारं. आपल्या पोटातही डोपामिन असतं आणि ते पोटाची चाल धीमी करतं. हे औषध त्या डोपामिनला अडवतं, मग पोट भराभर हलतं आणि गॅसवाल्याला मोकळं वाटतं. पण औषधाला कुठे कळतं की पोटातलं अडवायचं आणि डोक्यातलं सोडायचं? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की कंपवाताच्या रोग्याला हे देऊ नये. त्याच्या खाली होतं की फार दिवस घेतल्यास कंपवातासारखीच लक्षणं होऊ शकतात.

मी ते तीनदा वाचलं. तीन वर्षं रोज एक, आणि गेले वीस दिवस माझ्या सल्ल्याने रोज दोन. मॅडम डोपामिन वाढवत होत्या आणि मी त्याच पिशवीतून ते अडवत होतो. कूलरसमोर बसून मला दरदरून घाम आला.

“काय झालं जी भाऊ?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ती गॅसची आज देऊ नका. मी... मी उद्या सांगतो.” आणि त्यांच्या पिशवीतून पट्टी काढून घेतली. त्या गेल्या.

आता खरं सांगतो, कारण खरं सांगायलाच बसलो आहे. पहिला विचार माझ्या मनात काय आला? की हे कुणाला कळणार आहे? उद्या म्हणावं, बाई, कंपनीने ती कॅप्सूल बंद केली, ही दुसरी घ्या. माणूस बरा झाला तर मॅडमच्या गोळीने झाला, न झाला तर कंपवात होताच. वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. दुकान लवकर बंद केलं आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, जुळवलेल्या वाक्यासकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बसता काय? चपला घाला.”

आधी मी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी कॅप्सूलचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “मी विचारलं होतं हो त्यांना, दुसरं काही औषध घेता का. बीपी, शुगर, सगळं विचारलं. नाही म्हणाले.” मग त्यांनी सांगितलं, ती कॅप्सूल ताबडतोब थांबवा, आणि त्यांना उद्याच माझ्याकडे पाठवा, मी बाकीची औषधं पाहते. मी विचारलं, बरे होतील ना? त्या म्हणाल्या, “पुष्कळांचं उतरतं, पण महिने लागतात. काहींचं पूर्ण उतरत नाही. आणि काहींना आतून खरंच कंपवात सुरू झालेला असतो, औषधाने तो फक्त लवकर दिसतो. आज सांगता येणार नाही.”

शालिकभाऊंचं घर कळमन्याच्या अलीकडे. बाईंनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांना आनंदच झाला. “या भाऊ, या! चहा ठेवतो.” मी म्हटलं, चहा नको, आधी बसा. शालिकभाऊ खाटेवर टेकून बसले होते. मी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगायला लागलो. म्हणालो, “शालिकभाऊ, समजा तुम्ही फळीवर उभे राहून बोली बोलून राहिले, आणि खाली सगळ्या व्यापाऱ्यांच्या कानात कुणीतरी कापूस कोंबला. तुम्ही कितीही ओरडा, ढेर विकेल काय? मॅडमची गोळी तुमचा आवाज वाढवत होती. आणि कापूस कोंबणारी ती गॅसची कॅप्सूल होती. ती मी दिली. डॉक्टरने पंधरा दिवसांची लिहिली होती. मी तीन वर्षं दिली. चिठ्ठी न पाहता दिली.”

शालिकभाऊंनी ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी उठून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

“म्हंजे,” ते म्हणत होते, “मले कंपवात नाही?”

त्या प्रश्नात एवढी आशा होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, “आज सांगता येत नाही म्हणतात मॅडम. कॅप्सूल बंद करून काही महिने पाहावं लागेल.”

कौसल्याबाई तोवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “अन् मळमळ होऊन राहिली तं दोनदा द्या म्हणून कोणं सांगतलं?”

“मीच.”

“मी तुमाले इचाराले आली. डॉक्टरीनबाईले नाही इचारलं, तुमाले इचारलं. काहून? भाऊ म्हणत होती म्हणून.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “दोन येळ माया हातानं देल्ली मी त्याहिले. पाण्यासंगं.”

शालिकभाऊच हात हलवून म्हणाले, “जाऊ दे वं. मॅडमनं इचारलं होतं, आनखी काही घेता काय. मीच नाही म्हटलं. गॅसची गोळी काय औषध असते काय, असं वाटलं मले.”

“तुम्ही चूप बसा जी,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “दुकानदार, आता उठा तुम्ही.”

मी उठलो. इतकी वर्षं ऐकलेला ‘भाऊ’ गेला आणि त्याच्या जागी ‘दुकानदार’ आला. बरोबरच होतं ते. कोर्टकचेरी केली असती, चार लोक घेऊन दुकानावर आले असते, तरी मला एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ते दोघं माझ्याकडे यायचे बंद झाले. मॅडमकडे गेले, एवढं मला फोनवर कळलं, पुढचं मी विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? औषधं ते दुसरीकडून घेत असणार. राखी आली आणि गेली. त्या दिवशी मी उगाच चार वेळा काउंटर पुसला. बायकोने माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं.

दुकानात मात्र मी एक गोष्ट केली. खडूने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून समोरच लावलं, ‘रिकामी पट्टी म्हणजे चिठ्ठी नव्हे.’ आणि ती कॅप्सूल चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं. अहाहा, काय ऐकून घ्यावं लागलं मला! “भाऊ शहाणे झाले!” “इतकी वर्षं काय जहर देत होते काय?” खरं म्हणजे देतच होतो! जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली, तिथे पट्टी चालत होती. काहींना मी बळेच थांबवून विचारायचो, हात थरथरतो का, चालणं धीमं झालं का, डॉक्टरला एकदा सांगा की तुम्ही ही घेता. दोन-तीन जण खरंच जाऊन आले. बाकीचे म्हणाले, म्हातारा सनकला.

असे पावसाळ्याचे महिने गेले, दसरा झाला. आंबिया बहराची संत्री आली. सीताबर्डीपासून आमच्या गल्लीपर्यंत हातगाड्यांवर हिरवट-पिवळ्या राशी दिसायला लागल्या. त्या पाहिल्या की मी नजर वळवायचो. अडत्याने दिलेली मुदत संपली होती. फळीवर कोण उभं असेल? एकदा ऑटोत बसून मी कळमन्याला निघालोही होतो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असेल. दुपारी बारा-एकची वेळ, काउंटरवर ही गर्दी. एका धिप्पाड गृहस्थाने रिकामी पट्टी माझ्यापुढे टाकली. “हेच द्या, गॅसचं.”

मी म्हणालो, “चिठ्ठी आहे का?”

“चिठ्ठी कायले पायजे? तीन वर्षांपासून घेऊन राहिलो ना मी!”

“म्हणूनच विचारतो. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.”

तो तापला. “काहून नाही मिळणार? दुकान कायले उघडलं मग? गॅसची गोळी मागून राहिलो मी, दारू नाही मागून राहिलो!” मागचे लोकही त्याच्या बाजूने बोलायला लागले, द्या ना भाऊ, कशाला खोळंबा करता. मी थकलो होतो. खोटं कशाला बोलू, हात खणाकडे गेला होता.

“चिठ्ठी आहे काय गा?”

गर्दीच्या मागून, रस्त्यावरून आवाज आला. पानठेल्यावरची माणसं वळली. मी मान वर केली नाही, करताच आली नाही. तो आवाज ओळखायला मला तोंड पाहायची गरज नव्हती.

“चिठ्ठी आहे काय, एक बार!” लोक बाजूला झाले. “चिठ्ठी आहे काय, दोन बार!” शालिकभाऊ पायरी चढून आत आले. पाय जरासा घासत होता, अगदी थोडा. ते त्या धिप्पाड माणसाच्या शेजारी येऊन उभे राहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि “तीन बार!” म्हणून काउंटरवर अशी मूठ हाणली की खोकल्याच्या बाटल्या खणखणल्या. त्या माणसाने आपली पट्टी उचलली आणि पुटपुटत चालू पडला. सगळं दुकान हसलं. शालिकभाऊही हसले, आणि हसू मिशांपर्यंत, भुवयांपर्यंत गेलं.

मी नुसता विचारल्यासारखा हात केला. ते म्हणाले, “सकाळीच बावीस ढेर पुकारले. शेवटच्या माणसाले ऐकू गेलं.”

तेवढ्यात कौसल्याबाई त्यांच्या मागून पुढे आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पिशवीतून कागद काढला, नीट घडी उलगडली आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. मॅडमची चिठ्ठी होती, कंपवाताची गोळी त्यात नव्हती, यांची नुसती एक ॲसिडची साधी. मी कात्री घेतली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पट्टीवरचं नाव दिसेना, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी नावाच्या बाजूने कापून ठेवलं.

बाईंनी ते पाहिलं. कागदावर बोट ठेवलं.

“यावर लिहिलं आहे तेवढंच द्या,” त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, “भाऊ.”